खालची माती

आमच्या पुंडलिकरावांना कोणतीही गोष्ट थोडी करता येत नाही. कॅम्पातल्या झोपडीत कंदील टांगायला खिळा ठोका म्हटलं, तर यांनी असा ठोकला की टोक पलीकडच्या धोंडबाच्या घरात निघालं. धोंडबानं त्यावर आपली टोपी अडकवायला सुरुवात केली, म्हणून भांडण तरी टळलं. पाहुण्याला चहा करा म्हटलं, तर पाहुण्याचे ओठ चिकटतील इतकी साखर. मनाचा माणूस मोठा, त्यात वाद नाही. पण मोठ्या मनाच्या माणसाच्या हाती मोठं मशीन दिलं की काय होतं, ते मी भिलाईत आल्यावर पाहिलं.

नवऱ्याचं नाव असं घेऊ नये म्हणतात. पण नाव न घेता ही गोष्ट सांगायची कशी? आणि गोष्ट त्यांच्या नावावरच आहे, माझ्या नाही. माझं नाव अन्नपूर्णा.

पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही वर्धेकडचे, कापसाच्या काळ्या मुलखातले. भिलाईत येण्याआधी पुंडलिकराव सरकारी ट्रॅक्टरवर होते. तिकडे नर्मदेच्या बाजूला कांस नावाचं गवत शेतंच्या शेतं गिळून बसलं होतं. वरून कापलं तर हसायचं, अशी त्याची मुळं खोल. ते उपटायला मोठमोठे साखळीचे ट्रॅक्टर आणले होते आणि मागे माणसाच्या मांडीएवढा फाळ. तिथे हे एकच विद्या शिकले: जितका नांगर खोल, तितकं काम चोख. घरूनही हेच शिकून आले होते. आमच्या काळ्या मातीत खोल नांगरटीचं वावर म्हणजे श्रीमंताचं वावर. माझे सासरे जन्मभर मालगुजाराच्या घरी सालदार होते, त्याचाच नांगर, त्याचेच बैल. स्वतःचं म्हणून नांगराचं एक तास त्यांनी कधी काढलं नाही. पावसाळाभर ते परक्याच्या चिखलात अनवाणी असायचे आणि त्यांच्या बोटांच्या बेचक्या सडायच्या. ते पाय पाहतच माझा नवरा मोठा झाला.

नागपूरला आम्ही दीक्षा घेतली, त्याच महिन्यात यांनी बूट घेतले. मला म्हणाले, "अन्नपूर्णा, आता दुसऱ्याच्या चिखलात हे पाय उघडे उतरनार नाई." बूट रोज पुसायचे. मी म्हणायचे, आपल्या लग्नात मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

भिलाईत आलो तेव्हा सेक्टर दोनच्या जागी अजून खड्डे आणि विटांचे ढीग होते. क्वार्टर मिळेपर्यंत सुपेल्याच्या बाजूला कॅम्पात राहायचं. पुंडलिकराव चेनच्या रशियन ट्रॅक्टरवर ऑपरेटर झाले. उन्हानं दगड झालेली जमीन लोखंडी नांगरानं फोडायची, मग दुसरी मशीनं येऊन माती उचलायची. सकाळी ते त्या धुडावर चढले की बायका पोरांना दाखवायच्या, "तो पाह्य, हिराचा बाप." मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हिरा आमची मुलगी. तिच्यामुळेच बिसाहिन आमच्या आयुष्यात आली.

बिसाहिन शेजारच्या जुनवानी गावची. विधवा बाई, वयानं माझ्या आईएवढी. डोक्यावर टोपली घेऊन कॅम्पात भाजी विकायची, ओळख तेवढीच. हिरा व्हायची त्या दुपारी पुंडलिकराव कामावर, शेजारीण गावाला, आणि माझ्या पोटात कळा. बिसाहिननं दारातून माझा चेहरा पाहिला आणि भाजीची टोपली तिथेच ठेवून आत आली. नवं गाव, नवे लोक. उद्या कोणी तिला बोल लावू नये म्हणून मी कळांतच तिला आमची जात सांगितली. ती म्हणाली, "लइका ल आवन दे, जात ल पाछू पूछबो." मूल येऊ दे, जात मागून विचारू. मागूनही तिनं कधी विचारली नाही. नाळ कापली, आणि मी उठून हिंडू लागेपर्यंत रोज येऊन कसल्याशा मुळ्यांचं पाणी उकळून मला पाजलं. त्याला ते 'कांके पानी' म्हणतात, तोंड वाकडं होईल असं कडू. लुगडं देऊ केलं तर घेतलं नाही. वर दोन जुड्या भाजी ठेवून गेली.

पुंडलिकरावांना ही गोष्ट लागून राहिली. "मायचे उपकार कसे फेडू?" म्हणायचे. थोडं काही करणारा माणूस असता तर एखादा नारळ देऊन मोकळा झाला असता.

नवऱ्यामागे बिसाहिनजवळ एकच धानाचं खेत होतं, जुनवानीच्या वेशीबाहेर. त्याच धानावर तिचं वर्ष निघायचं. त्या साली धान कापल्यावर तिचा एक बैल मेला. उरलेल्या एका बैलाकडे पाहत ती आमच्या दारात बोलून गेली की या वर्षी खेताची जोताई, म्हणजे नांगरट, कशी होते देव जाणे. ती सहज बोलली. पण आमच्या घरात एक माणूस ते ऐकून जेवायचं थांबला.

योग असा की तेव्हा सुपेल्यापलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं आणि यांचं मशीन तिकडेच उभं होतं, जुनवानीपासून हाकेच्या अंतरावर. फोरमन कृष्णराव नागपूरचे, मऊ माणूस. रविवारी मशीन बंद असायचं. यांनी त्यांना सगळं सांगितलं. कृष्णराव डोळे मिचकावून म्हणाले, "नव्या फाळाची ट्रायल घ्याचीच आहे. कुटंबी घे. मी काई पाह्यलं नाई."

बिसाहिन तेव्हा मुलीच्या गावी मडईला गेली होती. हिवाळ्यात गावोगावी या मडईच्या जत्रा भरतात. पुंडलिकराव म्हणाले, बरंच झालं, आल्यावर पाहील तर खूश होईल.

मी हिराला घेऊन बांधावर बसले. एवढंसं खेत, आणि त्यात ते हत्तीएवढं मशीन. ते वळताना एक बांधच कोसळला, तो यांनी नंतर फावड्यानं नीट करून दिला. नांगर यांनी पार खालपर्यंत सोडला. वरची राखाडी माती उलटली, तिच्याखालून पिवळी, चिवट, घमेल्याएवढी ढेकळं वर आली. कांसाच्या रानात यायची तशीच. पुंडलिकरावांचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नातही इतके खुलले नव्हते. मालगुजाराच्या वावरात जन्म घालवलेल्या बापाचा हा मुलगा, एका म्हाताऱ्या बाईचं खेत फुकट, स्वतःच्या मर्जीनं, असं नांगरत होता की तसं मालगुजाराचंही कधी नांगरलं गेलं नसेल. माझे डोळे भरून आले. मीही कापसाच्या मुलखातलीच.

जुनवानीचे म्हातारे बांधावर उकिडवे बसून पाहत होते. कोणी काही बोललं नाही. गावाची अर्धी जमीन कारखान्यासाठी मोजणाऱ्यांनी मोजून नेली होती. मशीनवाल्याला काही सांगायचं असतं, ही सवयच त्यांची मोडली होती.

चार दिवसांनी बिसाहिन परतली. आम्ही दोघं तिला मुद्दाम खेतावर घेऊन गेलो. ती बांधावर उभी राहिली. मग खाली उतरून तिनं एक पिवळं ढेकूळ उचललं, अंगठ्यानं चुरून पाहिलं. पुंडलिकराव लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"बने करे बेटा," ती म्हणाली. "बहुत बने करे." छान केलंस.

त्या ढेकळाचा एक तुकडा तिनं पदरात बांधला. मला वाटलं, घरी देवापुढे ठेवणार असेल. परतताना पुंडलिकराव रस्ताभर बोलत होते. मी म्हटलं, "आता बस करा, नाई तं आपल्या झोपडीची जमीनबी नांगरसान."

पावसाळा लागला. जुनवानीची सगळी खेतं भरली. धानाला पाणी उभं लागतं, हे ऐकून मला माहीत होतं, पाहिलं तिथेच. हिरव्या रोपांच्या पायाशी पाणी कसं आरशासारखं बसून असतं. आषाढ अर्धा गेला तरी बिसाहिन कॅम्पात फिरकली नाही, म्हणून मीच हिराला कडेवर घेऊन तिकडे गेले.

सगळीकडे पाणी, आणि मध्ये तिचं खेत कोरडं. आदल्या दिवशी मुसळधार कोसळला होता, तरी कोरडं. पेरलेलं धान वीतभर येऊन पिवळं पडलं होतं. मला वाटलं बांध फुटला. फिरून पाहिला, बांध चांगला होता.

गावची गुरं चारणारा राऊत तेजराम तिथे काठी टेकून उभा होता. रागीट माणूस, पण खोटं बोलणारा नाही. तो म्हणाला, "पेंदी फूट गे हे बाई. फूटहा हंड़िया म पानी कहां रुकही?" तळ फुटलाय. फुटक्या हंडीत पाणी राहील कसं?

मग त्यानंच समजावलं. धानाच्या खेतात वरची माती टीचभरच. तिच्याखाली एक घट्ट थर असतो. तो काही देवानं दिलेला नसतो. बिसाहिनच्या सासऱ्यानं, त्याच्या बापानं, त्यांच्या बैलांनी वर्षानुवर्षं चिखल तुडवून तो बसवलेला. लाकडी नांगर त्याला कधी लागत नाही. त्या थरावर पाणी थांबतं आणि पाण्यावर धान. तुझ्या माणसाच्या नांगरानं तो थरच उपटून वर आणला.

आमच्याकडे खोल नांगरट म्हणजे पुण्य. इथे ते एका बाईच्या ताटात भोक पाडणं निघालं. मी हिराला छातीशी धरून तशीच उभी राहिले. मला नवऱ्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की दोन्हींतलं आधी कोणतं, ते सांगता येणार नाही.

घरी येऊन मी सांगितलं. पुंडलिकराव बूट घालत होते. एक पायात, एक हातात. तो हातातला तसाच राहिला.

"तिनं तं बने करे म्हटलं होतं," ते म्हणाले.

"बिचारी दुसरं काय म्हनन? तुमी तोंड असं केलं होतं का जशी दिवाळीच आली."

"म्या मायचं खेत मारलं, अन्नपूर्णा."

मला आणखी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण ते वाक्य ऐकल्यावर मी त्यांच्या हातातला बूट काढून खाली ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात मी बिसाहिनला सुपेल्याच्या चौकात पाहिलं. ठेकेदाराच्या माणसापुढे रेजा म्हणून कामाला जाणाऱ्या बायकांची रांग होती. तरण्या पोरी, आणि त्यांच्यामध्ये ती, डोक्यावर कापडाची चुंबळ, हातात मागून आणलेलं घमेलं. माती वाहायला निघाली होती. मला पाहून तिनं घमेलं पदराआड केलं आणि हसली. माझ्या बाळाची नाळ कापणारे ते हात. त्या ठेकेदारानं तिला वयावरून परत पाठवलं, हे मला मागून कळलं. तेव्हा मात्र मी ठरवलं की आता नुसतं रडून भागायचं नाही.

पुंडलिकरावांची ड्युटी तेव्हा कारखान्याच्या पाण्यासाठी बांधत असलेल्या तळ्यावर लागली होती. एक दिवस डबा द्यायला गेले तर ते ट्रॅक्टरमागे एक भलंमोठं लोखंडी पिंप ओढत होते. त्या पिंपाला सगळीकडून मुठीएवढी खुंटं. ते फिरेल तिथे खुंटांचे ठसे उमटायचे, बांधाची माती दाबली जायची.

मी विचारलं, "हे काय करून राहिले?"

"बांधातून पानी झिरपू नये म्हून माती बशीवतो. थरावर थर."

मी डबा खाली ठेवला. "रोज हेच करता?"

"हाव. दोन महिने झाले."

"अन् त्या खेताचं पानी झिरपते म्हून रोज रडता!"

माझा नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. त्या लोखंडी खुंटांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग डबा न उघडताच कृष्णरावांकडे धावला. मीही मागे.

कृष्णरावांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "पुंडलिक, त्या खेताले तू एकडाव मदत केली ना? आता नोको करू बाप्पा! भर पावसात चेनवाला चिखलात घालशीन तं मशीनबी फसन अन् उरलंसुरलं खेतबी उकरल्या जाईन. अन् इथलं काम सोडून मशीन देनार कोन?"

त्यांचं खरं होतं. पुंडलिकरावांची मान खाली गेली. पण माझ्या डोळ्यांपुढून ते ठसे जाईनात. परत येताना जुनवानीचं तळं लागतं. गुरं पाणी पितात त्या काठावर खुरांचे हेच ठसे होते. आणि प्रत्येक ठशात पाणी. जिरत नव्हतं. मी तिथेच थांबले.

त्याच संध्याकाळी आम्ही तेजरामच्या दारात गेलो. गावाची सगळी गुरं त्याच्या हाती. रोज सकाळी ती चरायला निघण्याआधी बिसाहिनच्या ओल्या खेतात फिरवायची, तळ पुन्हा बसेपर्यंत, एवढं मागायचं होतं. पुंडलिकरावांनी हिंदीत सांगितलं, तोंडातल्या तोंडात. तेजरामनं बिडी पेटवली, विझवली. गुरं त्याची नव्हती, गावाची होती. कोणाची गाय चिखलात लंगडली तर उत्तर त्याला द्यायचं. पुंडलिकरावांच्या पायांकडे पाहत तो म्हणाला:

"मसीन म फोरे हस, अब गोड़ म बना."

मशीननं फोडलंस, आता पायांनी बनव. गुरं मी देतो, पण त्यांच्यामागे चिखलात तू चालायचं. रोज.

मला वाटलं, हे चिडणार. बुटांबद्दल त्यांच्याशी मस्करी फक्त मीच करू शकत होते. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मला माझ्या सासऱ्यांचे पाय आठवले, यांनाही तेच आठवत असणार. परक्याच्या चिखलात उघडे पाय. पण मालगुजाराच्या चिखलात उतरायला सासऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. इथे एक माणूस विचारत होता, आणि नाही म्हणायची मुभा होती.

"येतो," पुंडलिकराव म्हणाले.

चार दिवसांनी सकाळी त्यांनी बूट काढून बांधावर माझ्याजवळ ठेवले. तळ्याकाठची चिकण माती आम्ही तोवर टोपल्यांनी आणून खेतात पसरली होती, शेजारच्या खेतांतलं पाणी फोडून आत घेतलं होतं. तेजरामनं आरोळी दिली आणि गुरं आत शिरली. गायी, बैल, म्हशी, सगळं गोल गोल फिरू लागलं. म्हशींना तर लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारखं झालं, त्या बाहेरच निघेनात. त्यांच्यामागे माझा नवरा, धोतर वर खोचून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. पहिल्याच फेरीत आपटला. जुनवानीचे म्हातारे बांधावर होतेच. या वेळी ते हसले. हसले म्हणून बरं झालं, कारण हसल्यावर माणूस बोलतो. एकजण म्हणाला, टाच आधी टेक. दुसरा म्हणाला, कोपरे राहिले, कोपऱ्यात गुरं जात नाहीत, तिथे माणसाचाच पाय लागतो. आणि बोलता बोलता तो स्वतःच उतरला.

रोज असं चाललं. दुपारची ड्युटी मागून घेतली होती, सकाळ खेताला. रविवारी कॅम्पातून धोंडबा आला, आणखी चारजण आले, बायका आल्या. मीही पदर खोचला. चिखल मऊ होता तो हळूहळू जड होत गेला, पाय आत जायचा तो वरच अडू लागला. यांच्या बेचक्या सडल्या. रात्री मी तेल-हळद लावायचे आणि ते म्हणायचे, "बापाचे पाय आले पाह्य मले." रागानं नाही म्हणायचे.

शेवटच्या सकाळी बिसाहिन खेतात उतरली. इतके दिवस ती बांधावर बसून हिराला सांभाळायची. मधोमध येऊन तिनं पदराची गाठ सोडली. आतून पिवळ्या ढेकळाचा तो तुकडा निघाला. देवापुढे नव्हता ठेवला. हिवाळ्यापासून तिनं तो तसाच जपला होता.

"एला ओकर जगा म बइठार दे, बेटा," ती म्हणाली. याला त्याच्या जागी बसव.

पुंडलिकरावांनी तुकडा हातात घेतला. समजायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "माय, तू उस दिन से जानती थी?"

"ओही दिन जान गे रेहेंव." त्याच दिवशी कळलं होतं.

"तो बोली कावून नहीं?"

"तैं अतेक खुस रेहे," ती म्हणाली. "का कहितेंव?" तू इतका खूश होतास. काय बोलले असते?

आमचे पुंडलिकराव त्या चिखलात, सगळ्या गुरांच्या मध्ये उभे राहून रडले. थोडं रडणं त्यांना माहीतच नव्हतं. मग त्यांनी तो तुकडा खाली ठेवला आणि टाचेनं दाबला, पुन्हा दाबला, तो दिसेनासा होईपर्यंत.

त्या संध्याकाळी खेतात पाणी घेतलं. बिसाहिननं बांधाजवळ एक काडी रोवली आणि पाण्याच्या रेषेवर नखानं खूण केली. सकाळी आम्ही आलो तेव्हा सगळे आधीच बांधावर होते, तेजरामसुद्धा. पुंडलिकराव पुढे जाईनात. मीच खाली वाकून पाहिलं. पाणी खुणेच्या किंचित खाली होतं. किंचित. मी मागे वळून तेजरामकडे पाहिलं.

"अतका तो हवा म उड़ जथे," तो म्हणाला. एवढं तर वाऱ्यानंच उडतं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं पुंडलिकरावांना आपली बिडी पुढे केली. हे बिडी ओढत नाहीत. त्या दिवशी ओढली, आणि ठसका लागून अर्धं गाव हसवलं.

जुनवानीत तेव्हा बियासी चालू होती. उभ्या धानात हलका नांगर फिरवून दाट रोपं विरळ करतात, त्याला बियासी म्हणतात. निघालेली जास्तीची रोपं घरोघरून बिसाहिनच्या खेतात आली. उशिरा लागलेलं धान, कुठे उंच, कुठे बुटकं, साऱ्या गावाच्या खेतांचं मिळून. पण ते पोटरलं, भरलं, वाकलं.

नवं धान आधी खायचं नसतं. पूजा करून, घरातल्या सगळ्यांनी मिळून पहिला घास घ्यायचा, त्याला इथे 'नवा खाणं' म्हणतात. गावाचा नवा दसऱ्यालाच होऊन गेला होता. बिसाहिन थांबली होती. तिचं धान कापून झालं, कांडून झालं, तेव्हा तिनं आम्हाला बोलावलं. जमीन शेणानं सारवलेली, पळसाच्या पानावर नव्या तांदळाचा भात, वर दूध-गूळ. त्यांच्या घरात पहिला घास खेत करणाऱ्याच्या तोंडी द्यायची रीत. नवरा गेल्यापासून तो घास ती बैलांना घालायची.

तिनं घास उचलून पुंडलिकरावांपुढे धरला. "ले बेटा, नवा खा."

हे मागे सरकले. "नहीं माय. वो घास मेरा नहीं. नांगर धरून म्याच तं सत्यानास केला होता."

बिसाहिनचा हात खाली आला नाही. तिनं यांच्या पायांकडे पाहिलं. बेचक्यांमधल्या जखमा भरल्या होत्या, पण डाग अजून होते. बूट दाराबाहेर काढलेले.

"नांगर के नोहय, बेटा," ती म्हणाली. "गोड़ के आय."

हा घास नांगराचा नाही. पायांचा आहे.

ज्या माणसाला आयुष्यात थोडं काही करता आलं नाही, त्यानं तो एवढासा घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ हळूहळू चावत बसला.